कोंड्याचं भाषांतर

मराठीत कोंडा दोन ठिकाणी असतो, धान्यात आणि डोक्यात. हिंदी या बाबतीत नीटनेटकी आहे, तिने दोघांना वेगवेगळी नावं दिली आहेत. हा फरक मला वयाच्या नवव्या वर्षी कुणी समजावला असता तर पुढचा सगळा घोळ टळला असता. कुणी समजावला नाही, आणि त्याबद्दल मी आजही सगळ्यांची आभारी आहे.

आम्ही भिलाईला सेक्टर दोनमध्ये राहायचो. बाबा स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला होते. तेव्हा पत्त्यावर मध्य प्रदेश लिहायचं. आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत पंजाबी, बंगाली, तेलुगू, बिहारी, मल्याळी असे सगळे होते आणि सगळे एकमेकांशी आपापल्या चालीची मोडकी हिंदी बोलायचे. मोडकी असली तरी कुणी लाजायचं नाही. लाजायची फक्त माझी आई.

आई भंडाऱ्याकडची, वैनगंगेकाठच्या एका धानाच्या गावातली. लग्नानंतर काही वर्षं ती गावीच होती. आम्ही दोघी भिलाईला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. मला शाळेने सहा महिन्यांत हिंदी शिकवली. आईला कोण शिकवणार? गावाकडे विहिरीवर हिच्या तोंडाला खळ नसायचा, असं मामा सांगायचा. इथे दारात भाजीवाला आला तरी ती मला हाक मारायची. धोबी आला की हाक, मीटर बघणारा आला की हाक. मी तिची दुभाषी होते आणि मला त्याचा भारी तोरा होता. खेळ अर्धा टाकून मी धावत यायचे आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायचे.

मराठी बायकाही होत्या भिलाईत, दुसऱ्या सेक्टरांत, साहेबलोकांच्या. एका संक्रांतीला आई त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली. तिथे एका बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "अय्या, तुम्ही 'मले' म्हणता?" बाकीच्या हसल्या. वाईट मनाने नसतील हसल्या, पण आई वाण घेऊन घरी आली ती पुन्हा कधी गेली नाही. म्हणजे हिंदी येत नाही म्हणून शेजार बंद, आणि मराठी जशी येते तशी बोलते म्हणून मराठी घरंही बंद. दोन वर्षं आई त्या क्वार्टरात बाबांशी, माझ्याशी आणि कढईशी बोलत होती. मला त्या बायकांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

एक शौक मात्र तिने गावाहून जसाच्या तसा आणला होता, तोंडाचा. दर आठवड्याला एक दुपार ती स्वतःच्या चेहऱ्याला द्यायची. पावडर नाही, स्नो नाही. तिच्याजवळ असायचा धानाचा कोंडा. मामा गावाहून तांदूळ पाठवायचा त्याबरोबर एका फडक्यात गिरणीवरचा कोंडाही बांधून द्यायचा. तांदळावरचं तांबूस साल पॉलिशला निघतं ना, ते. पिठासारखं मऊ, हाताला किंचित तेलकट. आई तो जुन्या लुगड्याच्या पातळ तुकड्यातून चाळायची, मंद आचेवर भाजायची, कारण नाही भाजला तर आठ दिवसांत खवट होतो, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायची. भाजताना घरभर गोडसर वास सुटायचा. मला त्या वासाने भूक लागायची.

मग दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मागच्या अंगणात पाटावर बसून ती वाटीत चमचाभर कोंडा घ्यायची. थंडीत त्यात साय, उन्हाळ्यात दही. चिमूटभर हळद. तोंड आधी कोमट पाण्याने ओलं करायचं आणि मग बोटांच्या नुसत्या पेरांनी ते मिश्रण हनुवटीपासून कानाकडे, नाकापासून गालाकडे, लहान लहान गोल करत फिरवायचं. डोळ्यांखाली जायचं नाही. मी एकदा जोर लावून घासलं तर तिने माझा हात धरला. "पोरी, तोंड काही गंज नाही होय घासायले," ती म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. "फिरवा लागते. वरची मेली कातडी आपलीआपली निंगते, खालची जित्ती कातडी दिसते मंग."

आणि दिसायची. प्लांटच्या बाजूने वारा आला की दोरीवरच्या चादरींवर बारीक भुकटी बसायची, चादरींवर बसते ती चेहऱ्यांवरही बसतच असणार. ओळीतल्या सगळ्या बायकांचे चेहरे हिवाळ्यात कोरडे, राखेरी व्हायचे. माझ्या आईचा नाही. ती मूळची सावळी, पण अंगणात आली की तिच्या गालावर ऊन थांबायचं. मी नऊ वर्षांची होते, मला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा दिसतात. शेजारच्या पंजाबी आंटींना तसं वाटत नव्हतं.

आंटी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. उंच, गोऱ्या, मोठ्या आवाजाच्या. त्या पलीकडच्या अंगणातून रोज आईकडे बघून हसायच्या, आईही हसायची, आणि तेवढ्यावर दोन वर्षं निघाली होती. एका डिसेंबरात आंटींचे गाल इतके फुटले की हसताना त्यांना दुखायला लागलं. त्या दिवशी त्या थेट आमच्या दारात आल्या. आईने हाक मारली. मी कमरेवर हात ठेवून हजर झाले.

"बेटा, अपनी मम्मी से पूछ, ये चेहरे पे लगाती क्या हैं?"

मी विचारलं. आई लाजून म्हणाली, "काय लावतो? कोंडा लावतो, अजून काय. सांग तिले."

आता कोंड्याला हिंदीत काय म्हणतात? इथे मला अभिमानाने एक शब्द आठवला. महिनाभरापूर्वीच शाळेत आमच्या बाई माझ्या वेणीकडे बघून म्हणाल्या होत्या, "सिर में रूसी हो गई है, माँ से कहना." मी घरी येऊन सांगितलं, माझ्या डोक्यात रूसी झाली. आईने भांग पाडून बघितलं आणि म्हणाली, "कोंडा झाला वं तुले," आणि दोन लिंबं पिळली. तेव्हापासून आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं, रूसी म्हणजे कोंडा.

"रूसी," मी आंटींना ठणकावून सांगितलं. "मम्मी रूसी लगाती है."

आंटींचे डोळे मोठे झाले. त्यांनी मागे वळून बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना, आणि आवाज खाली आणला. "रूसी? क्रीम है?"

"नहीं, पाउडर. मलाई में मिलाते हैं."

"मैं भी कहूँ!" आंटी आत येऊन खाटेवर बसल्याच. "तेरे पापा रूसी साहब के साथ काम करते हैं न? रूसी मेमसाब लोग यही लगाती होंगी. तभी तो!"

त्या क्षणी मला कळलं. आम्ही घरी त्या लोकांना रशियन म्हणायचो. प्लांट उभारायला आलेले रशियन इंजिनियर, त्यांच्या गोऱ्यापान बायका बाजारात टोपल्या घेऊन फिरायच्या, आम्ही पोरं मागे मागे जायचो. त्यांना हिंदीत रूसी म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण तिथे दुसरीच रूसी बसलेली होती. आणि कोणती शहाणी बाई असं समजेल की शेजारीण गालाला डोक्यातला कोंडा लावते? भिलाईत रूसी म्हटलं की एकच.

मी तोंड उघडलं होतं. अगदी सांगणारच होते. पण तेवढ्यात आई म्हणाली, "बसली वं ती! च्या ठेवू काय? विचार, च्या घेते काय." तिचा आवाज असा होता की मी तसा कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांत आमच्या खाटेवर बाहेरची कुणी बाई बसली नव्हती. आईने पदर नीट केला, पुन्हा नीट केला, चहात साखर दुप्पट घातली. मी तोंड मिटलं.

त्यानंतर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण भाषांतर सुरू झालं. आंटींनी विचारलं, ही रूसी पावडर येते कुठून? मी आईला विचारलं, कोंडा कुठून येते म्हणते. आई म्हणाली, "माहा भाऊ पाठवते, गावाकून." मी आंटींना म्हटलं, "बाहर से आता है. मामा भेजते हैं." आंटींनी मान डोलावली, म्हणजे मामाची पोच मोठी आहे. आई म्हणाली, "लय दिवस टिकत नाही, भाजून ठेवा लागते, सांग." मी सांगितलं, "ज़्यादा दिन नहीं रहता, नाज़ुक चीज़ है." खोटं असं मी काही बोलत नव्हते. एकेक शब्द खरा होता, फक्त ते सगळे मिळून भलतीकडे चालले होते.

आईने त्या दिवशी आंटींना अंगणात पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांचं तोंड केलं. आंटी डोळे मिटून बसल्या. आई बोटं फिरवत होती आणि मराठीत पुटपुटत होती, "केवढी कोरडी झाली वं तू, पाणी पेत जा ना." आंटी डोळे मिटूनच "हाँ जी, हाँ जी" म्हणत होत्या. त्या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. कोमट पाण्याने धुवून आंटींनी हाताचा आरसा घेतला, गालाला हात लावला, पुन्हा लावला, आणि मग आईला गच्च मिठी मारली. आई लाकडासारखी उभी राहिली. तिला मिठीची सवय नव्हती, आमच्याकडे नमस्कार करतात.

आठवड्याभरात ओळीत बातमी पसरली. पुढच्या वेळी आंटींबरोबर एक बंगाली काकी आल्या, मग कोपऱ्यावरच्या तेलुगू अम्मा, मग आणखी दोघी. दर शुक्रवारी दुपारी आमच्या अंगणात पाट कमी पडायला लागले. आई प्रत्येकीचं तोंड आधी उजेडाकडे वळवून बघायची. कुणाला सांगायची, तू साबण सोड. कुणाला, तुह्या नाकाच्या बाजूले मळ धरते, तिथं जरा जास्त फिरवू. कुणाच्या गालावर पुळ्या असल्या तर त्या तोंडाला हातच लावायची नाही, नुसतं दही. आणि मी हे सगळं हिंदीत करायचे. "मम्मी कहती है, मुँह बर्तन नहीं है," हे वाक्य तर इतकं चाललं की बायका आपसात म्हणायला लागल्या. बायका हसल्या की आई माझ्याकडे बघायची, कावून हासल्या म्हणून, आणि मी सांगितलं की तीही हसायची, सगळ्यांचं हसून झाल्यावर. एकटी. ते मला फार लागायचं.

"एवढ्याशा कोंड्यासाठी कावून एवढे हात जोडतेत वं ह्या बाया?" ती संध्याकाळी भाकरी थापताना विचारायची. बंगाली काकींनी तिला वाटीभर पायेस, म्हणजे त्यांच्याकडची खीर, दिली होती, आंटींनी माझ्यासाठी लाल स्वेटर विणायला घेतला होता. आईला त्या प्रेमाचा अर्थ लागत नव्हता. मला लागत होता, म्हणून मी मान खाली घालून भाकरीचे तुकडे करत राहायचे.

पहिले पकडलं बाबांनी. मिलमध्ये त्यांच्या एका सोबत्याने त्यांना बाजूला घेतलं होतं आणि म्हणाला होता, भाईसाहब, ती रूसी पावडर आमच्या घरीही थोडी मिळेल का, बायको मागे लागली आहे. बाबा घरी आले, आई मागे भांडी घासत होती, आणि त्यांनी मला समोर बसवलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, शाळेतल्या बाईंपासून. बाबा ऐकता ऐकता आधी गंभीर झाले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्यांनी तोंडावर टॉवेल दाबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"सांगू काय मी त्याहिले खरं?" मी विचारलं.

बाबांनी मागच्या दाराकडे बघितलं. आई भांडी घासता घासता गात होती. "थांब," ते हळू आवाजात म्हणाले. "बाया येऊन राहिल्या ना घरी? तुही माय हासून राहिली ना? खरं सांगतलं आन् त्या आल्याच नाही, तं मंग?" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "पण हे लय दिवस नाही चालत, पोरी. अन् फुटलं ना, तं मायलेच लागन."

मला सावध करावं म्हणून ते बोलले असणार, पण माझी झोपच उडाली. आता मला नीट दिसायला लागलं काय होणार ते. बायकांना कळणार, या गावंढळ बाईने आमच्या तोंडाला गुरांचं खाणं फासलं आणि रशियाचं म्हणून सांगितलं. पुन्हा त्या गोड आवाजात हसणार. आई पुन्हा दार लावून घेणार, आणि या वेळी तर तिचा काहीच दोष नसणार. दर शुक्रवारी मी आईच्या आधी वाटी भरून ठेवायला लागले, साय आणि हळद जास्त घालून, म्हणजे आत काय आहे ते कळू नये. पंजाबी आंटी गव्हाच्या मुलखातल्या, त्यांनी धानाचा कोंडा बघितला नव्हता. बाकीच्या बघून असतील, पण रशिया म्हटल्यावर कोण कशाला वाटीत नाक खुपसणार?

उन्हं तापायला लागली तशी साय बंद झाली आणि दही आलं. दही द्यायला जवळच्या खेड्यातून एक छत्तीसगढी बाई यायची, डोक्यावर मडकं, पायात चांदीची जाड कडी. एरवी ती सकाळी यायची. त्या शुक्रवारी तिला उशीर झाला आणि ती भर दुपारी मागच्या दाराने थेट अंगणात आली. पाच बायका बसल्या होत्या. आंटींचं तोंड चाललं होतं, उजवा गाल झाला होता, डावा व्हायचा होता. दहीवालीने मडकं उतरवलं, आईच्या हातातली वाटी बघितली, एक बोट बुडवून नाकाशी नेलं आणि खूश होऊन म्हणाली,

"ए तो कोंढा ए दाई! हमन तो गरवा ला खवाथन!"

हा तर आमचाच शब्द. आई आनंदाने म्हणाली, "हौ, कोंडाच होय!" दोन वर्षांत तिला पहिल्यांदा बाहेरच्या माणसाचं बोलणं माझ्याशिवाय कळलं होतं. पण कळलं ते बाकीच्यांनाही. गरवा म्हणजे गुरं, हे भिलाईत सगळ्यांना ठाऊक होतं.

आंटींनी डोळे उघडले. "गाय को खिलाते हैं? पर ये तो रूसी है न?"

आईला हिंदी येत नव्हती, पण हा एक शब्द येत होता. तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. "तू... तू ह्याहिले डोक्यातला कोंडा सांगतलं? कावून वं? मी डोक्यातला कोंडा काढून बायाहिच्या तोंडाले लावतो, असं सांगतलं तू?"

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. आई समजत होती डोक्यातला कोंडा, आंटी समजत होत्या रशिया, दहीवाली समजत होती गाय, आणि तिघी माझ्याकडे बघत होत्या. मी भोकाड पसरलं. दुभाषी संपली.

आई हाताला लागलेला कोंडा घेऊन तशीच बसून राहिली. मी वाट बघत होते, आता ती उठून आत जाईल आणि दार लावेल. तिचे ओठ दोनदा हलले. मग ती आंटींकडे वळली आणि बोलली. स्वतः, हिंदीत.

"ये... चावल का है. चावल के ऊपर का. हमारा भाऊ भेजता. रूस का नहीं है." ती थांबली, घाम पुसला, त्याने कपाळाला कोंडा लागला. "लड़की छोटा है. उसको मालूम नहीं. तुम्हारा मुँह को गाय का खाना लगाया हम. गुस्सा करना तो हमको करना. लड़की को नहीं."

इतकं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून कोणत्याच परक्या माणसासमोर ऐकलं नव्हतं. माझं रडणं थांबलं.

आंटींनी उजव्या गालावर हात फिरवला, जो झाला होता. मग डाव्यावर, जो व्हायचा होता. पुन्हा उजव्यावर. बाकीच्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"तो बहनजी," आंटी म्हणाल्या, "आधा मुँह गाय के लिए छोड़ा है क्या? पूरा करो!"

आणि बंगाली काकी खाली कोसळल्या हसून. अम्मांनी पदरात तोंड लपवलं. दहीवाली आपण का हसतोय ते न कळता सगळ्यांहून मोठ्याने हसली. मी आईकडे बघितलं, तिला भाषांतर करून सांगायला तोंड उघडलं, आणि बघते तर ती हसत होती. सगळ्यांबरोबर, त्याच वेळी. तिला कळलं होतं.

नंतर रूसीचं कोडं सोडवायला अर्धा तास गेला. डोक्यातला, धानातला आणि रशियातला असे तीन कोंडे त्यांनी मिळून वेगळे केले. आई मधूनमधून माझ्याकडे डोळे वटारायची आणि पुन्हा हसायची. तिच्या हिंदीत सगळे पुरुष बाया होत होते आणि बाया पुरुष. "बंगाली काकी बहुत अच्छा है, रोता नहीं, हमारा लड़की रोता है." मी सवयीने दुरुस्त करायला गेले, "अच्छा नहीं आई, अच्छी," तर आंटींनीच मला गप्प केलं. "तू जा, खेल. हमें बात करने दे." मी आईकडे बघितलं. ती आंटींच्या डाव्या गालावर बोटं फिरवण्यात गुंग होती. "जा ना," ती न बघताच म्हणाली.

मी बाहेर जाऊन गेटवर लोंबकळत बसले. खरं सांगते, मला राग आला होता. माझी नोकरी गेली होती. आतून हसण्याचे आवाज येत होते आणि कशावर ते मला कळत नव्हतं. असं मला कधीच झालं नव्हतं. दोनदा आत जाऊन विचारलं, काय म्हणून राहिल्या? दोन्ही वेळा उत्तर मिळालं, ते मोठ्या बायांचं आहे.

कोंडा कमी पडेल म्हणून मामाला मोठी पिशवी पाठवायला सांगितलं. दहीवालीने तिच्या खेड्यातला आणून दिला तो आईला जास्त आवडला, बारीक होता म्हणे. या प्रकरणाला आमच्या ओळीत पुढची कित्येक वर्षं रूसीच म्हणायचे. "आज रूसी है क्या?" भिंतीपलीकडून आंटी ओरडायच्या आणि आई ओरडून उत्तर द्यायची. आज माझ्या आरशासमोर फळांच्या बियांची पूड घातलेली एक ट्यूब पडलेली आहे, भाचीने आणून दिलेली. ती लावते मी, चांगली आहे. पण तिच्या वासाने भूक लागत नाही.

त्या शुक्रवारनंतर दोनेक आठवड्यांनी मी दुपारी शाळेतून आले तर दाराला कुलूप. आम्ही भिलाईला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आई माझ्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जायची नाही. मी घाबरले. आंटींच्या दाराला कुलूप, काकींच्याही. दप्तर मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले. पोटात कावळे ओरडत होते आणि ऊन पायांवर येत होतं.

मग वळणावरून त्या आल्या. चौघी, हातात बाजाराच्या पिशव्या. मधे आई. पदर खांद्यावरून घसरलेला, एका हातात दुधी, आणि तो दुधी हलवत ती जोरजोरात काहीतरी सांगत होती, बहुतेक भाजीवाल्याशी झालेलं भांडण, कारण मधेच ती भाजीवाला व्हायची आणि मधेच स्वतः. तिघी पोट धरून ऐकत होत्या. फाटकाशी येऊन त्या थांबल्या. मी चार हातांवर बसले होते. आईला मी दिसले नाही.

भूक फार लागली होती. पण मी हाक मारली नाही. तिचं सांगून व्हायचं होतं.